बटव्यातून हरवलेले शरीर

मराठीत वनौषधींवरच्या पुस्तकांना मरण नाही. प्रकाशक बदलतात, मुखपृष्ठावरची तुळस जाऊन तिथे कोरफड येते, किंमत वाढते. आतला मजकूर मात्र त्याच वळणाचा राहतो. आजीबाईचा बटवा, घरगुती औषधे, झाडपाला आणि आरोग्य अशा धर्तीच्या नावांची ही पुस्तके मी गेली पंचवीसेक वर्षे पदपथावरच्या पुस्तकवाल्यांकडून, प्रदर्शनांतून आणि रद्दीतून गोळा करते आहे. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. बँकेतली नोकरी सांभाळून वनस्पतिशास्त्र आणि औषधशास्त्र आपले आपण जेवढे वाचता आले तेवढे वाचले. या वाचनात एक गोष्ट सतत खटकत आली: या पुस्तकांची समीक्षा कुणीच करत नाही. कादंबरीच्या निवेदनातली बारीकशी फट आपल्या समीक्षकांना झोंबते. पण जे गद्य वाचून माणसे खरोखर काहीतरी उकळतात आणि पितात, त्याच्याकडे गद्य म्हणून पाहावे असे कुणाला वाटलेले दिसत नाही.

हे गद्य वाचायला बसले की आधी त्याची वाक्यरचना डोळ्यांत भरते. अडुळसा कफ सुटा करतो. गुळवेल ताप घालवते. मंजिष्ठा रक्त शुद्ध करते. कर्ता वनस्पती, कर्म रोग, आणि मधे काही नाही. ज्याच्या पोटात हे सगळे घडायचे तो माणूस वाक्यात कुठेच सापडत नाही. त्याचे वय, त्याचे यकृत, तो आधीपासून घेत असलेल्या गोळ्या, यांना या व्याकरणात जागाच ठेवलेली नाही. झाड आणि आजार यांची परस्पर गाठ घालून दिली की लेखक पुढच्या झाडाकडे वळतो.

आता एक साधी सोनामुखी घेऊ. पोट साफ करते, एवढेच बटव्यात लिहिलेले असते. प्रत्यक्षात सोनामुखीच्या पानांत आणि शेंगांत सेनोसाइड नावाची द्रव्ये असतात, आणि त्या रूपात ती जवळजवळ निष्क्रिय असतात. त्यांना साखरेचे रेणू चिकटलेले असल्यामुळे लहान आतड्यात ती शोषली जात नाहीत, तशीच पुढे सरकत मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू ती साखर तोडतात, उरलेल्या भागावर आणखी प्रक्रिया करतात, आणि मग जे द्रव्य तयार होते ते आतड्याची हालचाल वाढवते व पाणी शोषले जाऊ देत नाही. या सगळ्याला आठ ते बारा तास लागतात. सोनामुखी रात्री झोपताना घ्यायची, हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला ठाऊक असे; त्यामागे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचे वेळापत्रक आहे, हे ठाऊक असण्याची तिला गरज नव्हती. पण यातून एक गोष्ट निघते ती मला फार महत्त्वाची वाटते. औषध पानात पुरते नव्हतेच. अर्धे पानात होते, अर्धे आतड्यात तयार झाले. ‘सोनामुखी पोट साफ करते’ या वाक्यातला कर्ता एकटा नाही.

याच्या अगदी उलट इसबगोल. तो शरीरात शिरतच नाही. पाणी धरून फुगतो आणि मळाला मऊपणा देत बाहेर पडतो. म्हणूनच तो भरपूर पाण्याबरोबर घ्यायचा. पाणी कमी पडले तर हाच इसबगोल घशात किंवा आतड्यात अडकून बसू शकतो. दोन्ही औषधे बद्धकोष्ठाची, दोन्ही बटव्यात शेजारीशेजारी, दोन्हींचे वर्णन जवळपास त्याच शब्दांत. एकाला जिवाणू लागतात, दुसऱ्याला पाणी. हा फरक वाचकाला सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या.

अडुळशाची गोष्ट मला विशेष आवडते. त्यातले व्हॅसिसिन हे द्रव्य डेव्हिड हूपर याने १८८८ साली वेगळे काढले. त्याच व्हॅसिसिनचा धागा धरून पुढे १९६०च्या दशकात ब्रोमहेक्झिन हे औषध जर्मनीतून बाजारात आले, आणि ब्रोमहेक्झिनचे शरीरात जे रूपांतर होते ते अँब्रोक्सॉल म्हणून स्वतंत्रपणे विकले जाऊ लागले. औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली घेताना तिच्यावर ही दोन नावे अनेकदा दिसतात. ‘आम्ही केमिकल घेत नाही, अडुळसाच घेतो’ असे म्हणणारा आणि ‘आम्ही झाडपाल्यावर विश्वास ठेवत नाही’ म्हणून ती बाटली घेणारा, दोघे एकाच झुडपाच्या आडोशाला उभे असतात. (हूपरचे नाव आपल्याकडे आणखी एका कारणाने आठवावे. मुंबईच्या विल्यम डायमॉकबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा १८९० ते १८९३ या काळातला ग्रंथ लिहिणाऱ्या तिघांपैकी तो एक. तिसरा वॉर्डन.)

आता त्या वाक्याकडे येते, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ते वाक्य प्रस्तावनेत येते, मलपृष्ठावर येते, अलीकडे तर फोनवर फिरणाऱ्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी येते: या औषधांचा कोणताही साइड इफेक्ट नाही.

हे वाक्य ऐकायला नम्र आहे, पण ते आपल्याच पक्षाच्या मुळावर येते. शरीरात गेलेले द्रव्य ज्या ठिकाणी काम करते ती ठिकाणे रोगाच्या नावाने राखून ठेवलेली नसतात. एकच कुलूप अनेक दारांना असते. ज्याला कोणताही अनिष्ट परिणाम नाही, कितीही घेतले तरी नाही, कुणीही घेतले तरी नाही, त्याला बहुधा इष्ट परिणामही नसतो. वनौषधी खरोखर काम करतात असे ज्याचे म्हणणे आहे, त्याने तरी हे वाक्य लिहायला नको होते.

ज्येष्ठमधाने हे नीट समजते. घसा बसला, आम्लपित्त झाले, खोकला आला की ज्येष्ठमध. कोणत्याही बटव्यात ते मानाच्या जागी असते. १९४०च्या दशकात नेदरलँड्समध्ये रेव्हर्स या डॉक्टरने जठरव्रणाच्या रोग्यांना ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रण बरे होऊ लागले. पण काही रोग्यांच्या अंगावर सूज आली. ती का आली, हे कळायला पुढे बराच काळ गेला. आपल्या मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवण्याचा हुकूम अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक देते. गंमत अशी, की ते ज्या कुलपात बसते त्यात कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरकही बसते, आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या कितीतरी पट असते. त्याने ते कुलूप व्यापू नये म्हणून मूत्रपिंडात एक विकर पहाऱ्यावर असते. कॉर्टिसॉल आले की ते त्याला निकामी करून टाकते. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिऱ्हायझिनपासून आतड्यातले जिवाणू जे आम्ल बनवतात, ते या पहारेकऱ्यालाच झोपवते. मग शरीर मीठ आणि पाणी साठवते, पोटॅशियम लघवीतून जाते, रक्तदाब चढतो.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि घशासाठी कुठल्याशा पुस्तकात वाचून ज्येष्ठमधाचा काढा दिवसातून दोनदा, काही आठवडे. गोळीने पोटॅशियम कमी होतच होते, काढ्याने आणखी झाले. पाय उचलेनात तेव्हा त्यांना दवाखान्यात नेले. रक्ताची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी काय काय घेता ते विचारले, तर त्यांनी गोळ्यांची नावे सांगितली; काढ्याचा उल्लेख केला नाही. लपवले म्हणून नव्हे. काढा हे औषध आहे, असे त्यांच्या मनातच नव्हते. बटव्यातल्या त्या एका वाक्याने त्यांच्यापुरते ते औषधांच्या यादीतूनच काढून टाकले होते. ते बरे झाले, पण मी ते पुस्तक मागून घेतले आणि ज्येष्ठमधाचे पान पाहिले. किती घ्यावे, नव्हते. किती दिवस, नव्हते. कुणी घेऊ नये, हेही नव्हते. गोड, शीतल आणि बलवर्धक, एवढे होते.

यावर काही वाचक म्हणतील, की हा पाश्चात्त्य औषधशास्त्राचा चष्मा झाला. आयुर्वेदाला त्याच्या भाषेत वाचायला हवे. मान्य. पण आयुर्वेदाची भाषा या बटव्याच्या भाषेपेक्षा कितीतरी सावध आहे. चरकसंहितेत जगातले कोणतेही द्रव्य अनौषध नाही असे म्हटले आहे आणि हा भाग आपल्याकडे हौसेने सांगितला जातो. ते द्रव्य युक्तीने आणि उद्देश पाहून वापरले तर, ही पुढची अट मात्र गळते. तिथेच असेही सांगितले आहे, की नीट योजलेले तीव्र विषही उत्तम औषध होते आणि वाईट रीतीने योजलेले औषध तीव्र विष होते. गुराखी, धनगर आणि रानात राहणारे लोक वनस्पतींची नावे आणि रूपे ओळखतात. पण तेवढ्याने कुणी औषधांचा जाणकार होत नाही, असाही चरकाचा अभिप्राय आहे. रानातल्या माणसांवर यात थोडा अन्याय आहे. योजना कशी करायची हेही त्यांच्यातल्या वैदूंना चांगले ठाऊक असते. पण बटवेकारांना तो अभिप्राय नेमका लागू पडतो. नाव आणि रूप, बस.

त्याहून मला मोलाची वाटते ती ‘प्रभाव’ ही कल्पना. रस, वीर्य, विपाक यांवरून द्रव्याचे कार्य सांगायचे, हा आयुर्वेदाचा नियम. पण चित्रक आणि दंती दोन्ही रसाने तिखट, विपाकाने तिखट, वीर्याने उष्ण. तरी दंती रेच करते आणि चित्रक करत नाही. चरकसंहिता हा विरोध झाकून ठेवत नाही. उपपत्ती जिथे संपते तिथे ती रेघ मारते आणि उरलेल्याला प्रभाव असे नाव देते. आज दंतीत फॉर्बॉल एस्टर या वर्गातली द्रव्ये सापडली आहेत, जी जमालगोट्याच्या तेलातही असतात. चित्रकात प्लंबॅजिन हे निराळेच द्रव्य असते. पण हे कळले म्हणून प्रभावाची कल्पना मला हास्यास्पद वाटत नाही. आपल्या शास्त्राची मर्यादा शास्त्राच्याच आत नोंदवून ठेवायला धैर्य लागते. बटव्यात प्रभाव हा शब्दही येत नाही, कारण तिथे न समजलेले असे काही नसतेच.

जुन्या लेखनात हा सावधपणा निरनिराळ्या रूपांत दिसतो. १५६३ साली गोव्यात छापलेला गार्सिया द ओर्ता याचा औषधी द्रव्यांवरचा पोर्तुगीज ग्रंथ संवादरूपात आहे. एका बाजूला स्वतः ओर्ता, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा कल्पित वैद्य. रुआनो सारखे प्रश्न विचारतो, प्राचीनांचे दाखले देतो, शंका काढतो; ओर्ता आपण काय पाहिले ते सांगतो. त्यात धोत्र्यावर एक संवाद आहे आणि धोत्रा चारून चोरी करण्याचा प्रकारही त्यात आला आहे. म्हणजे वनस्पतीचे वर्णन करताना ती माणसाच्या शुद्धीचे काय करते, हे तिथे आधी येते. आपल्या बटव्यांमध्ये रुआनो नाही. वाचकाच्या वतीने प्रश्न विचारणारे कुणी त्या पानांवर बसलेलेच नाही.

धोत्र्याचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. त्याचा धूर दम्यासाठी ओढण्याची आपल्याकडची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून इंग्लंडात गेली आणि युरोपभर धोत्र्याच्या विड्या विकल्या जाऊ लागल्या. धोत्र्यातली अ‍ॅट्रोपीनसारखी द्रव्ये श्वासनलिकेच्या स्नायूंना आवळणारा मज्जातंतूचा निरोप अडवतात, म्हणून छाती मोकळी होते. पण तीच द्रव्ये मेंदूत शिरून भ्रम पाडतात, तोंड कोरडे करतात, लघवी अडवतात. विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅट्रोपीनच्या रेणूत थोडा बदल करून त्यावर कायमचा विद्युतभार ठेवला. भार असलेला रेणू सहजासहजी रक्तातून मेंदूत जात नाही. फवाऱ्यातून ओढलेले हे इप्राट्रोपियम बहुतांशी फुप्फुसातच राहते. धोत्र्यातला साइड इफेक्ट ज्यांनी मान्य केला, त्यांनाच तो कमी करता आला.

मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांच्यापासून वनौषधींवर लिहिण्याची एक गंभीर परंपरा आहे. त्यातला डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७चा ‘औषधीसंग्रह’ मी पुन्हा पुन्हा उघडते. त्याची मांडणी आज रुक्ष वाटते, काही दावे आता टिकणार नाहीत. पण वनस्पतीचे धर्म आणि तिचा उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याची जाण त्या लेखनाला आहे. धर्म म्हणजे ती शरीरात काय घडवते, आणि उपयोग म्हणजे ते घडणे कोणत्या रोगात कामी येईल. या दोहोंमध्ये जे अंतर आहे तिथेच वैद्याची बुद्धी चालते. नंतरच्या बटव्यांनी धर्म गाळला, उपयोग ठेवला.

सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने आपल्या अगदी जवळचा आहे. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद आणि रक्तदाब यांवर तिच्या मुळीचा गुण नोंदवला. १९४९ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरचा आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि मग जगाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. ते करते काय? मज्जातंतूंच्या टोकांशी इवल्या पिशव्या असतात, त्यांत नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन साठवलेले असते. रेसर्पिन या पिशव्यांत माल भरण्याचे दार बंद करते. बाहेर राहिलेला माल पेशी मोडून टाकते. हळूहळू साठा रिकामा होतो. रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप जाईनासा होतो, दाब उतरतो. मन शांत होते. आणि त्याच दाराच्या बंद होण्याने नाक चोंदते, अंग जड होते, हातपाय कापू लागतात, जास्त मात्रेत काही रोग्यांना खोल उदासीनता येते. मनाच्या उदासीनतेचा संबंध या रसायनांशी असावा, या विचाराला रेसर्पिनच्या अनुभवाने मोठी चालना दिली. इथे गुण आणि दोष असे दोन परिणाम मुळात नाहीतच. परिणाम एकच, तो कुठे हवा आणि कुठे नको, हे आपण ठरवतो.

आणि तरी माझ्याकडच्या दोन नव्या पुस्तकांत सर्पगंधा ‘निर्धोक निद्राकारक’ म्हणून दिलेली आहे.

गुळवेलीच्या वादात हे सगळे प्रश्न एकत्र आले. टाळेबंदीच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत गेला. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांतले असे त्रेचाळीस रोगी नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ही खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. आक्षेप गैर नव्हता. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि टिनोस्पोरा क्रिस्पा यांच्यात घोटाळा होतो, हे खरे आहे. पण मग जी पुस्तके आणि संदेश लोकांना कुंपणावरची वेल कापून उकळायला सांगत होते, त्यांतल्या किती जणांनी या दोन वेलींतला फरक सांगितला होता? खोडावरच्या खुणा, पानाची ठेवण, कशाचेही वर्णन नाही. नाव आणि रूप यांपैकी रूपही उरलेले नव्हते.

मला त्याहून अस्वस्थ करते ती दुसरी बाजू. १९८० आणि ९०च्या दशकांत त्याच के. ई. एम. मध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर काम केले. अडथळ्याच्या काविळीत शस्त्रक्रियेआधी रोग्यांची जंतूंशी लढण्याची ताकद खालावते. गुळवेलीने ती सुधारते का, हे त्यांनी प्रयोगाने तपासले आणि उत्तर आशादायक आले. म्हणजे गुळवेल प्रतिकारयंत्रणेला खरोखर हलवते. आता ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या यकृतावर उलटण्याच्या बेतात आहे, त्याच्या अंगात ती हलवली तर काय होईल? मुंबईच्या रोग्यांपैकी अनेकांत नेमकी अशा स्वप्रतिकारी यकृतदाहाची लक्षणे होती, आणि तज्ज्ञांनी हीच शक्यता मांडली. एका बाजूने ‘गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूने ‘गुळवेल कुणालाही काही करू शकत नाही’ म्हणायचे, ही दोन विधाने एका तोंडात राहू शकत नाहीत. दुर्दैवाने त्या वादात दोन्ही पक्ष झाडाच्या बाजूने किंवा झाडाविरुद्ध बोलत राहिले. कुणी, किती, किती दिवस, कोणत्या शरीरात, हे प्रश्न वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मावले नाहीत.

डहाणूकरांचे नाव इथे आणखी एका कारणाने घ्यायचे. औषधशास्त्राच्या या प्राध्यापक ‘फुलवा’, ‘वृक्षगान’ यांसारख्या पुस्तकांतून झाडाफुलांवर मराठीत ललित लिहीत होत्या. झाडावर प्रेम करणे आणि झाडाची परीक्षा घेणे ही दोन कामे एकाच हाताने करता येतात. बटवेकारांना त्यांतले पहिलेही नीट जमलेले नाही. झाड त्यांना दिसते ते फक्त रोगाच्या नावापुढच्या रकान्यात.

झाडपाल्याची टर उडवणाऱ्यांनीही शरीर गाळलेले आहे, हे सांगितले नाही तर लेख एकांगी होईल. हळदीवरून ते दिसते. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण जखमेवर दाबलेली हळद आणि दुधातून प्यायलेली हळद या दोन वेगळ्या वाटा आहेत. जखमेवर ती जागेवरच असते. पोटात गेली की तिच्यातले कुर्कुमिन फारच थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्यालाही यकृत झटपट दुसरे रेणू चिकटवून बाहेरची वाट दाखवते. बशीतल्या पेशींवर कुर्कुमिन ओतून निघालेले निष्कर्ष पाहून ‘हळद कर्करोग बरा करते’ म्हणणारा आणि कुर्कुमिन शोषले जात नाही म्हणून ‘हळद निरुपयोगी’ म्हणणारा, दोघेही एका रेणूलाच हळद समजतात. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कुर्कुमिनबरोबर मिऱ्यातले वीस मिलिग्रॅम पिपरीन दिले, तर रक्तात पोचणारे प्रमाण वीसपट झाले. काढ्यात मिरी का घालत असावेत, याचे एक उत्तर इथे मिळते. मात्र पिपरीन ज्या विकरांना अडवते ती हळदीपुरती नसतात. मिऱ्याने दार उघडते ते आत येणाऱ्या इतर औषधांनाही. प्रोप्रानोलॉल आणि थिओफिलिन यांचे रक्तातले प्रमाण पिपरीनने वाढल्याचे प्रयोगात दिसले आहे. भाजीतल्या चिमूटभर मिऱ्याला भिण्याचे कारण नाही. बाटलीतल्या अर्काच्या कॅप्सूलची गोष्ट निराळी.

मग आजीच्या बटव्यात शरीर होते का? माझे उत्तर होय असे आहे, आणि त्याला पुरावा म्हणून मी बाळगुटीकडे बोट दाखवते. गुटी देताना मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड, काकडशिंगी, ज्येष्ठमध ही एकेक सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळायची, आणि मोजायचे ते वळसे. वळसा म्हणजे सहाणेवर फिरवलेला एक फेरा. पोट दुखत असेल तर मुरुडशेंगेचे वळसे वाढवायचे, मूल झोपत नसेल तर जायफळाचा एखादा, पण जास्त नाही. शी पातळ झाली की हिरडा थांबवायचा. ग्रॅम नाहीत, पण मात्रा आहे. ती रोज बदलते, आणि बदलते ती समोरच्या मुलाचे पोट आणि झोप पाहून. वेखंडात बीटा-असरोन असते. उंदरांवरच्या प्रयोगांनंतर अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाण्याच्या पदार्थांतून हद्दपार केले. आपल्या घरांत ते प्रयोग कुणाला माहीत नव्हते. तरी वेखंडाचा वळसा अर्धाच असायचा.

मात्र आजीला देव्हाऱ्यात बसवण्याचीही घाई नको. याच मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया मागे राहिलेले मूल शांत झोपावे म्हणून बाळागोळी देत, आणि त्या गोळीत अफू असे. तीही घरगुती, तीही परंपरागत. त्या आईला मुलाचे शरीर दिसत नव्हते असे नाही. गिरणीचा भोंगा आधी वाजत होता.

रद्दीतून आलेली एक हाताने लिहिलेली वही माझ्याकडे आहे. कुणाची ते कळत नाही, पहिली पाने गेली आहेत. तिच्यात गुटीसाठी तीन पाने दिलेली आहेत: महिन्यांप्रमाणे रकाने, प्रत्येक मुळीपुढे वळशांचे आकडे, काही आकडे खोडून कमी केलेले. कडेला बारीक अक्षरात ताप असताना काय वगळायचे, दात येताना काय, अशा सूचना आहेत. जायफळापुढे एका रकान्यात नुसते शून्य आहे, आणि त्याच्याभोवती दोनदा गोल काढलेला आहे.